इस्लामचा धडा शिकवताना आधी वाक्याचा कर्ता तपासा

यंदा पहिल्यांदाच तुम्हाला सातवीला इस्लामचा उदय शिकवायचा आहे, वर्गात दोन मुस्लिम मुलं आहेत, आणि वाद न होता कसं शिकवावं, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं इतिहास शिकवते. वाद होणारच नाही अशी हमी मी देणार नाही. पण या धड्यात माझ्या बहुतेक चुका एकाच जागी झाल्या : वाक्याच्या कर्त्यात.

पहिल्या वर्षी मी सरळ म्हणून गेले, "जिब्रील या देवदूताने पैगंबरांना कुराण सांगितलं." मागच्या बाकावरून लगेच आवाज, "बाई, म्हणजे हे खरंच घडलं?" हो म्हणावं तर मी धर्म शिकवतेय, नाही म्हणावं तर कुणाची तरी श्रद्धा मोडतेय. आता मी म्हणते, "जिब्रीलमार्फत संदेश आला, असं मुसलमान मानतात." पैगंबर 622 मध्ये मक्का सोडून मदिनेला गेले, हे मात्र 'मानतात' न लावता सांगते. ही दोन वाक्यं फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी लिहा. माझी मुलं पुढे ख्रिस्ती धर्माच्या धड्यातही विचारू लागली, "बाई, हे कुठल्या खडूचं?"

दुसरं घसरडं वाक्य म्हणजे "मुसलमानांनी स्वारी केली." कोणत्या मुसलमानांनी? 711 मध्ये स्पेनमध्ये उतरली ती तारिक इब्न झियाद या सेनापतीची फौज, तीही बहुतांशी उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर जमातींच्या सैनिकांची. 1402 मध्ये अंकाराजवळ तैमूरने ऑटोमन सुलतान बायझीदला कैद केलं. दोघेही मुसलमान. आता 'मुसलमानांनी' हा कर्ता घेऊन ही लढाई सांगून बघा, वाक्यच उभं राहत नाही. स्वारी झालीच नाही असं भासवू नका, लूट आणि कत्तल झाली तिथे तीही सांगा. फक्त करणाऱ्याचं नाव घ्या.

कौतुकातही तोच ढिसाळपणा होतो. "मुसलमानांनी बीजगणित शोधलं" यापेक्षा अल-ख्वारिझ्मीची गोष्ट कितीतरी रंगते. हा नवव्या शतकात बगदादमध्ये काम करत होता. त्याच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून अल्जिब्रा आला, त्याच्या स्वतःच्या नावावरून अल्गोरिदम, आणि भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावरही त्याने लिहिलं. त्याच शतकात बगदादमध्ये ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता. आणि 'सुवर्णयुग' म्हणून थांबू नका : 869 मध्ये इराकमधल्या बसऱ्याजवळ झंज, म्हणजे पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या, गुलामांचं बंड पेटलं आणि ते 14 वर्षं धुमसत राहिलं. मोठ्या वर्गांना हे जरूर सांगा.

त्या दोन मुलांबद्दल. मी एकदा एका मुलाला उभं करून विचारलं, "तू सांग, शिया आणि सुन्नी यांत फरक काय?" तो खाली बघत राहिला. त्याला ठाऊक नव्हतं, आणि का ठाऊक असावं? पैगंबरांनंतर नेतृत्व कुणाकडे जावं हा वाद आणि 680 मध्ये करबलाला पैगंबरांचे नातू हुसेन यांचा झालेला वध हे सांगणं माझं काम होतं. तास संपल्यावर मी त्याची माफी मागितली, पण पुढचे दोन आठवडे त्याने हात वर केला नाही. स्वतःहून बोलला तर बोलू द्या, साक्षीदार म्हणून उभं करू नका.

पहिल्या तासाला मी फळ्यावरच्या 'तारीख' या शब्दाकडे बोट दाखवते. अरबीतून आलेला शब्द, तिथे त्याचा अर्थ 'इतिहास' असाही होतो. तिथून हिजरी सनाकडे, म्हणजे पैगंबरांच्या मदिनेला जाण्यापासून मोजल्या जाणाऱ्या कालगणनेकडे, जाता येतं. तिचं चांद्रवर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, मग रमजान दरवर्षी किती दिवस अलीकडे सरकेल? हे गणित मुलांनाच करू द्या. तुम्ही खडू झटकेपर्यंत उत्तर येतं.