एकटीने क्रूझला निघताना

प्रिय बाळ,

सप्रेम आशीर्वाद.

हिवाळ्याच्या सुट्टीत एकटीने क्रूझला जायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून फार बरं वाटलं. जा. एकट्याच्या प्रवासातली निम्मी दमछाक सामानाची आणि मुक्कामाची असते. रोज नवं हॉटेल, बॅगांची ओढाताण, रात्री-अपरात्री अनोळखी स्टेशनावर उतरणं. जहाजावर हे सगळं सुटतं. बॅग एकदा उघडायची, कपाट लावायचं, आणि मग सकाळी उठावं तर खिडकीबाहेर नवं बंदर.

पण एक गोष्ट मनात पक्की करून घे. जोडीने आलेल्यांपैकी एकाला यायला उशीर झाला की दुसरा शोधायला लागतो. तू जेवायला आली नाहीस, बंदरावरून परतली नाहीस, तापाने केबिनमध्ये पडून राहिलीस, तर ते कोणाच्या लक्षात येईल? हजारो माणसांच्या जहाजावर ते आपसूक कोणाच्याच लक्षात येत नाही. तशी सोय आपली आपण करून ठेवायची असते. मी पुढे जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं याचसाठी आहे.

आधी तारखा ठरव, जहाज नंतर. नाताळ ते नववर्ष या आठवड्यातल्या फेऱ्या वर्षातल्या सर्वांत महागड्या फेऱ्यांपैकी असतात, आणि जहाज कुटुंबांनी भरून वाहत असतं. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन-तीन पिढ्या एकत्र आलेल्या असतात. त्या गर्दीत एकट्याने वावरणं काहींना मानवतं, काहींना पहिल्याच संध्याकाळी जड जातं. तुझी सुट्टी थोडी पुढेमागे सरकत असेल, तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा नववर्षाचा आठवडा उलटल्यानंतरचा जानेवारी बघ. भाडं उतरतं, जहाज शांत असतं, आणि अशा फेऱ्यांना एकटे प्रवासीही जास्त भेटतात. कॅरिबियनला जायचं असेल तर तिथला चक्रीवादळांचा मोसम ३० नोव्हेंबरला संपलेला असतो, म्हणजे तीही काळजी मागे पडते.

भाड्याचं गणित नीट समजून घे. जाहिरातीतला दर माणशी असतो, पण एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून काढलेला. एकटीने केबिन घेतलीस की दुसऱ्याच्या वाट्याचं भाडंही बहुतेकदा तुझ्यावर येतं. त्याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात, आणि ते कधीकधी पूर्ण दुप्पट असतं. २०१० साली नॉर्वेजियन एपिक या जहाजावर एकट्यांसाठी १२८ छोट्या केबिन काढल्या आणि त्या प्रवाशांसाठी वेगळी बैठकीची खोलीही ठेवली. त्यानंतर इतर कंपन्यांनीही एकट्यांच्या केबिन वाढवल्या. त्या मोजक्या असल्यामुळे आधी संपतात, म्हणून उशिरा मिळणाऱ्या सवलतीची वाट बघत बसू नकोस. ध्रुवप्रदेशासारख्या दुर्गम जागी जाणाऱ्या छोट्या मोहीम-जहाजांवर आणखी एक सोय असते: तुझ्यासारखीच एकटी आलेली दुसरी बाई तुझ्यासोबत केबिनमध्ये राहील अशी जोडी कंपनी लावून देते, आणि सप्लिमेंट वाचतं. अनोळखी बाईसोबत एका खोलीत राहायची तयारी असेल तरच हा मार्ग घे. पैसे वाचवायला म्हणून मनाविरुद्ध घेऊ नकोस.

कुठे जायचं, याबद्दल माझं मत विचारशील तर नॉर्वेचा किनारा. बर्गेन ते किर्केनेस असा हा किनारी मार्ग; ही जहाजसेवा १८९३ मध्ये सुरू झाली. त्यावरची जहाजं माल आणि स्थानिक प्रवासी घेऊन ३४ बंदरांना लागतात आणि जाऊन-येऊन बारा दिवस घेतात. मोठ्या क्रूझचा झगमगाट तिथे नाही. रात्री दोन वाजता एखाद्या लहानशा धक्क्यावर जहाज लागतं, खोकी उतरतात, दोन माणसं चढतात आणि जहाज पुढे निघतं. डिसेंबरात उत्तरेकडच्या ट्रॉम्सो शहराच्या आसपास सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी काही तास निळसर उजेड असतो, एवढाच दिवस. आकाश मोकळं असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसतो, आणि तो दिसला की डेकवर उभी असलेली माणसं न सांगता एकमेकांशी बोलायला लागतात. एकट्या माणसाला ही जागा फार चांगली. ऊन हवं असेल तर कॅरिबियन किंवा कॅनरी बेटं. अंटार्क्टिका मनात असेल तर दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक पॅसेज या खवळलेल्या समुद्रातल्या साधारण दोन दिवसांच्या हेलकाव्यांची तयारी ठेव. तिथे एका वेळी शंभराहून जास्त प्रवाशांना किनाऱ्यावर उतरवत नाहीत, म्हणून लहान जहाज निवड.

जहाजावर चढल्यावर पहिलं काम मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं याची तालीम. टायटॅनिक १९१२ साली बुडालं, त्यातून १९१४ मध्ये सोलास हा समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तरीही १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ कोस्ता कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची ड्रिल तोवर झालेलीच नव्हती, कारण ती चोवीस तासांत घेतली तरी नियमात बसत होतं. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घ्यावीच लागते. बऱ्याच जहाजांवर तू फोनवर व्हिडिओ बघायचास आणि ठरलेल्या जागी हजेरी लावायचीस, एवढ्यात काम होतं. तू तेवढ्यावर थांबू नकोस. केबिनपासून त्या जागेपर्यंत जिन्याने चालत जा, लिफ्टने नको. डावीकडे किती दारं, कुठला जिना, हे पायांना माहीत व्हायला हवं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा ऐकलास की केबिनमध्ये ‘कुठे जायचं गं?’ असं विचारायला दुसरं कोणी नसणार.

जेवणाचं टेबल हा या पत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा सल्ला. बुकिंग करतानाच ठरलेल्या वेळेचं, मोठं, सामायिक टेबल माग. मिळालं नसेल तर चढल्या दिवशीच डायनिंग रूमच्या प्रमुखाला भेटून सांग. हे पहिल्याच संध्याकाळी व्हायला हवं, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांचे कंपू जमलेले असतात. पहिल्या रात्री गप्पा बेताच्याच होतात: कुठून आलात, याआधी कुठल्या जहाजावर होता. तिसऱ्या रात्री तू दहा मिनिटं उशिरा पोचलीस तर कोणीतरी वेटरला सांगितलेलं असतं, ‘थांब, ती येतेय’. एवढ्या एका वाक्यासाठी सामायिक टेबल घ्यायचं. दिवसभर हवं तेवढं एकटं राहा, बुफेच्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बस, कोणी काही म्हणत नाही. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत एकट्या प्रवाशांची भेट छापलेली असते, तिलाही एकदा जाऊन ये. नाही आवडलं तर परत जाऊ नकोस.

तुझ्या केबिनची साफसफाई करणाऱ्या माणसाशी ओळख ठेव. नाव विचार, सकाळी साधारण किती वाजता बाहेर पडतेस ते सांग. आजारी पडलीस तर ‘व्यत्यय नको’चं कार्ड दाराला लावून पडून राहू नकोस. ते कार्ड लावलं की तुझ्या दारावर यायचं एकमेव माणूसही येईनासं होतं. सरळ फोन करून वैद्यकीय केंद्राला कळव. उलट्या-जुलाब असतील तर लपवू नकोस. जहाजावर नोरोव्हायरस भराभर पसरतो, आणि त्याच्यावर सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबणाने हात धुवावे लागतात. डॉक्टरची फी जहाजावर वेगळी आणि भरभक्कम लागते, म्हणून विमा काढ. त्यात आणीबाणीत जहाजावरून हलवण्याचा खर्च धरलाय का, ते वाचून घे. औषधं, पासपोर्ट, चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेव. मोठी बॅग केबिनपर्यंत यायला संध्याकाळही होते.

बंदरावर उतरताना गँगवेवर, म्हणजे जहाजातून धक्क्यावर जायच्या पुलावर, तुझं जहाजाचं कार्ड स्कॅन होतं. त्यामुळे कोण परतलं नाही हे जहाजाला नक्की कळतं, पण म्हणून ते थांबतंच असं नाही. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर साधारणपणे वाट बघतात. स्वतःच्या स्वतः फिरायला गेलेल्याची नाही. जहाजाची वेळ आणि बंदरावरची वेळ कधीकधी वेगळी असते आणि फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवायला लागतो, म्हणून साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेव. त्या दिवसाच्या पत्रिकेचा फोटो काढून घे. परतायची वेळ आणि बंदरातल्या जहाजाच्या एजंटचा नंबर सहसा त्यातच असतो. समुद्रावर फोन एअरप्लेन मोडवर ठेव, नाहीतर जहाजावरच्या मोबाइल नेटवर्कचं बिल घरी आल्यावर कळतं. व्हिसा लागत असेल तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा घे, कारण जहाज एका देशातून निघून परत त्याच देशात येतं.

केबिन नंबर मोठ्याने सांगायचा नाही, आतली कडी लावायची, आपला पेला टाकून उठायचं नाही. हे तुला ठाऊक आहे, पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

आता ३१ डिसेंबरची रात्र. तू त्याच आठवड्यात गेलीस तर ती जड जाऊ शकते. बारा वाजले की डेकवरचा प्रत्येक माणूस आपापल्या माणसाकडे वळतो, आणि त्या मिनिटात आपण कुठे बघायचं ते सुचत नाही. म्हणून दोन दिवस आधीच टेबलावरच्यांना विचारून ठेव, ‘त्या रात्री कुठे भेटायचं?’ विचारायला संकोचू नकोस, तिथे कोणालाच त्याचं काही वाटत नाही. घरी फोन करायचा तो संध्याकाळीच कर, मध्यरात्री सगळं जहाज एकदम फोनला लागतं. पोर्तुगालच्या मडेरा बेटावर फुंशालच्या उपसागरात त्या रात्री बरीच जहाजं येऊन थांबतात, कारण डोंगरउतारावर पसरलेल्या त्या गावाची आतषबाजी पाण्यावरून सर्वांत चांगली दिसते. तो मार्ग मिळाला तर सोडू नकोस. आणि दहालाच झोपावंसं वाटलं तर खुशाल झोप. दुसऱ्या दिवशी पहाटे वरचा डेक अख्खा तुझा असतो.

आणीबाणीच्या संपर्कात घरच्यांखाली माझंही नाव घाल, आणि बंदरांची यादी तारखांसकट मला पाठव. प्रत्येक बंदर सोडल्यावर एक ओळ लिहायची, एवढं वचन दे. पैसे भरण्याआधी जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशाही पाठव. हेलकावे कमी लागावेत म्हणून केबिन खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर हवी, आणि तिच्या वर-खाली दोन्हीकडे केबिनच असायला हव्यात. वर नाचाचा हॉल निघाला तर रात्रभर डोळा लागायचा नाही. प्लॅन आला की फोन कर, दोघी मिळून बघू.

तुझी,
ताई