वाचक विचारतात: चेंगदूच्या ताओ मंदिरात आईला नेऊ का?

प्रश्न: आई आणि मी पांडा बघायला चेंगदूला चाललो आहोत. एक सकाळ मोकळी आहे. आई सत्तरीची, रोज पूजा करणारी, मांस-मच्छी न खाणारी. छिंगयांग गोंग हे जुनं ताओ मंदिर तिला आवडेल का? तिथे हात जोडले, उदबत्ती लावली तर चालतं का? की त्यापेक्षा छिंगछंग डोंगरावर जावं?

उत्तर: जरूर न्या, आणि सकाळी लवकर न्या. नोकरीनिमित्त चेंगदूत होते तेव्हा सुट्टीची सकाळ मी बऱ्याचदा तिथेच काढायची. तुम्ही कोणत्या धर्माचे, हे तिथे कुणी विचारत नाही. आईंनी नेहमीसारखे हात जोडावेत. उदबत्त्या तीनच पुरतात. आवारातल्या मोठ्या धूपपात्रात डाव्या हाताने खोचायच्या. ज्योत फुंकून विझवू नका, हाताने वारा घालून विझवा. गाभाऱ्याचा उंबरठा ओलांडायचा, त्यावर पाय द्यायचा नाही. हे आईंना सांगावं लागणार नाही, तुम्हीच लक्षात ठेवा. मूर्तींचे फोटो काढू नका. नारळ मात्र घरीच राहू द्या.

आख्यायिका अशी, की ताओ पंथाचा आद्य गुरू मानला जाणारा लाओत्झू पश्चिमेला निघून जाताना खिंडीवरच्या यिन शी नावाच्या अधिकाऱ्याला म्हणाला, हजार दिवस साधना कर आणि मग मला चेंगदूच्या हिरव्या बकऱ्याच्या बाजारात शोध. मंदिराचं नाव त्यावरूनच, छिंगयांग म्हणजे हिरवा बकरा. हुआंग छाओच्या बंडामुळे थांग सम्राट शीत्सुंग 881 मध्ये पळून चेंगदूला आला, त्यानंतर या जागेचं महत्त्व खूप वाढलं. आज दिसणाऱ्या इमारती मात्र बहुतेक चिंग राजवटीतल्या आहेत. हजार वर्षांची लाकडं शोधत फिरलात तर निराश व्हाल.

सगळ्यात जास्त वेळ तीन शुद्ध देवतांच्या सभागृहासमोर ठेवा. तिथे पितळेचे दोन बकरे आहेत. दोन शिंगांचा 1829 मधला, सरळसाधा. एकशिंगी 1723 मध्ये बीजिंगहून आणून मंदिराला दिलेला, आणि तो बकरा म्हणायचा तेवढाच. कान उंदराचे, नाक बैलाचं, पंजे वाघाचे, पाठ सशाची, शिंग ड्रॅगनचं, शेपूट सापाची, तोंड घोड्याचं, दाढी बकऱ्याची, मान माकडाची, डोळे कोंबड्याचे, पोट कुत्र्याचं, कुल्ले डुकराचे: चिनी वर्षचक्रातले बाराही प्राणी एकाच अंगात! आपला जो अवयव दुखतो तो बकऱ्याचा चोळायचा, अशी लोकांची श्रद्धा. त्यामुळे दोन्ही बकरे जागोजागी गुळगुळीत होऊन चकाकतात. आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना पुढे जाऊ द्या. तिथल्या आजीबाई आपणहून जागा करून देतात.

त्याच्या अलीकडचा आठ कोनांचा मंडप घाईत सोडू नका. खाली चौकोनी चौथरा म्हणजे पृथ्वी, वर गोलाई म्हणजे आकाश. कोरलेले ड्रॅगन एकूण 81 असल्याचं सांगतात, लाओत्झूच्या 'ताओ ते चिंग' या ग्रंथाच्या प्रकरणांइतके. मोजत बसू नका, मान अवघडते. आत बैलावर बसलेला लाओत्झू आहे. मागची दालनं पटकन पाहिली तरी चालेल.

जेवणाचं म्हणाल, तर हे छुआनझेन पंथाचं मंदिर. इथले साधू केस वाढवून डोक्यावर बुचडा बांधतात, संसार करत नाहीत, मांस खात नाहीत. कांदा-लसूणही त्यांना वर्ज्य. आवारात शाकाहारी भोजनालय आहे. ताटात हुबेहूब मासा किंवा मांसाचे तुकडे दिसले तर आईंना आधीच सांगून ठेवा, ते सोयाबीनचं किंवा गव्हाच्या सत्त्वाचं असतं. मला स्वतःला ही नक्कल फारशी रुचत नाही. साधी परतलेली भाजी आणि टोफू मागवा. त्याआधी चहाघरात बसा. झाकणाच्या कपात चहा येतो, झाकण बाजूला काढून ठेवलं की गरम पाणी पुन्हा भरून देतात.

मेट्रोच्या 5 क्रमांकाच्या मार्गावर मंदिराच्याच नावाचं स्थानक आहे. तिकीट थोड्या युआनचं, पण फोनवर पैसे देण्याचं अलीपे हे अ‍ॅप निघण्यापूर्वीच सुरू करून घ्या आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

छिंगछंग सुंदर आहे, 2000 पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. पण तिथे पायऱ्याच पायऱ्या. रोपवेचा पाळणा अर्ध्या वाटेचं काम करतो, तरी उरलेल्या पायऱ्या चुकत नाहीत, आणि एका सकाळीत जाऊन येणं म्हणजे नुसती धावपळ. तुम्हाला एकट्याला अख्खा दिवस मिळाला तर जा.