पायाच्या फुगलेल्या शिरांना लेसर करावं की मोज्यांवर भागेल?

तुमचे वडील एसटीत वाहक, जन्म उभ्याने गेला. पोटरीवर शिरांच्या गाठी आल्यात, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडलीय आणि मेडिकलवाला मोजे घ्या म्हणतोय. आईच्या मांडीवर नुसत्या बारीक जांभळ्या रेषा आहेत. दोघांना एकच इलाज चालेल का, असं विचारलंत. मी लातूरकडची, सर्जरी वॉर्डात नर्स आहे, असल्या पायांचं ड्रेसिंग माझ्या रोजच्या कामातलं. दोघांचं वेगळं आहे, आणि वडिलांचं लांबणीवर टाकू नका.

विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गेला की पाइपातलं पाणी परत खाली उतरतं. शिरेतली झडप गेली की रक्ताचंही तेच होतं. कुठली झडप गेली ते कलर डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, कळतं. ते उभं करून करायला सांगा. डॉक्टर पोटरी दाबून सोडतात, आणि बिघडलेल्या शिरेत पडद्यावरचा रंग लगेच उलटतो.

मोठी शीर गळत असेल, म्हणजे तिच्यातलं रक्त उलटं उतरत असेल, तर लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने ती आतून बंद करतात. भूल पायापुरती, माणूस बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. मग रक्त जाणार कुठून, ही भीती सगळ्यांनाच वाटते. पण पायातलं बहुतेक रक्त खोल शिरांतून जातं. त्या मोकळ्या आहेत का, हेही डॉपलरमध्येच बघतात. लेसर जमत नसेल तर फोमचं इंजेक्शन, म्हणजे शीर बंद करणारं फेसाळ औषध, तेही नसेल तर ऑपरेशन. उपचार कसे करावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१३ साली हाच क्रम दिला आणि नुसते मोजे यातलं काहीच करता येत नाही त्यांच्यासाठी ठेवले. मला ते पुरेपूर पटतं. मोज्यांनी सूज, ठणका कमी होतो, झडप दुरुस्त होत नाही. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तसला आवळ मोजा दिवसभर घालवत नाही, तो कपाटात जातो. घालायचाच तर माप घेऊन, सकाळी सूज चढायच्या आत. वडिलांना शुगर किंवा बिडी असेल तर आधी पायाच्या धमन्या तपासा. रक्त कमी पोचणाऱ्या पायाला घट्ट मोजा घातक ठरतो.

मला काळजी आहे ती त्या काळ्या कातडीची. आधी खाज सुटते, मग कातडी कडक होते, एखाद्या रात्री खाजवून फुटते आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. आमच्याकडे लोक येतात ते तेव्हा, वर झाडपाला बांधून. तिथवर जाऊ देऊ नका. शीर फुटून रक्ताची धार लागली तर आडवं करा, पाय उंच धरा, फडक्याने दाबून ठेवा आणि दवाखाना गाठा. एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तरी त्याच दिवशी दाखवा, आत गुठळी असू शकते.

आईचं घाईचं नाही. रेषा नकोशा वाटत असतील तर बारीक सुईने औषध सोडतात. हळूहळू पुसट होतात, कधी तपकिरी डाग काही महिने राहतो. पाय जड पडत असतील तर तिचंही डॉपलर करा.

संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय किंवा लातूर-नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज, जे जवळ पडेल तिथल्या सर्जरी ओपीडीत वडिलांना न्या. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा आणि सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधीच विचारा.