पाचवीच्या दुसऱ्या सत्रात नेमकं काय शिकवतात? मुलीच्या वह्या निम्म्या कोऱ्या आहेत, क्लास लावू का?

तुम्ही विचारलंय सत्रात काय शिकवतात ते, पण मी लिहायला बसले ती 'कोऱ्या वह्या' वाचून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते, सगळे विषय माझ्याकडेच.

आधी यादी उरकते. गणितात दिवाळीनंतर विभाज्य-विभाजक, दशांश अपूर्णांक, कालमापन, परिमिती आणि क्षेत्रफळ, घडणी (घड्या घालून खोका बनेल अशा आकृत्या), चित्रालेख, शेवटी बीजगणिताची पूर्वतयारी. परिसर अभ्यास भाग 1 मध्ये अन्नघटक, आंतरेंद्रिये, संसर्गजन्य रोग. भाग 2 मध्ये अश्मयुगाकडून शेती आणि गाव-वसाहतींकडे. चौथीत वर्षभर शिवछत्रपती शिकलेलं पोर एकदम दगडाच्या हत्यारांवर आलं की पालक दचकतात, पण पुस्तकच तसं आहे. मराठीत पत्र, अर्ज, स्वतःच्या शब्दांत लिहिणं. इंग्रजीत छोटी वाक्यं आणि संवाद. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, अनुक्रमणिका तिथे बघा.

आता वह्यांचं. आमच्या शाळेमागे पोषण आहारासाठी परसबाग आहे. एका वर्षी परिमितीचा धडा मी तिथेच घेतला. तीन गट पाडले, प्रत्येकाला 12 मीटर सुतळी दिली आणि सांगितलं, सगळी सुतळी वापरून आयताकृती वाफा आखा, बाजू पूर्ण मीटरमध्ये हवी, आणि दोन गटांचे वाफे सारखे नकोत. एकाचा झाला 5 बाय 1, दुसऱ्याचा 4 बाय 2, तिसऱ्याचा 3 बाय 3. तिन्ही वाफे सारखेच मोठे, यावर सगळा वर्ग ठाम. सुतळी सारखी, म्हणजे जागा सारखी. मग फक्कीने एकेक मीटरचे चौरस पाडायला लावले. 5, 8 आणि 9. वर्गात सहसा तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, सुतळी तेवढीच आणि मेथी जवळजवळ दुप्पट!" परिमिती आणि क्षेत्रफळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या दिवशी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पुढचं तर मीही ठरवलेलं नव्हतं. मागून एक पोरगा म्हणाला, "पण तीन बाय तीनचा वाफा कामाचा न्हाई. मधलं तण काढायला आत पाय द्यावा लागंल, माती दबंल. आमचे आबा हात पोचंल एवढाच रुंद ठेवतात." भांडण जुंपलं. शेवटी वर्गाने 5 बाय 1 निवडला, सगळ्यात कमी क्षेत्रफळाचा, आणि का निवडला ते प्रत्येकाला सांगता येत होतं. मग पाण्याचा प्रश्न आला, तर सरपंचांना नळजोडणीसाठी अर्ज लिहिला. मराठीचं पत्रलेखन तिथे झालं. माणूस पाण्याजवळच स्थिर का झाला, हे इतिहासाच्या तासाला पोरांनीच मला सांगितलं. मेथी निघाली तेव्हा इलेक्ट्रॉनिक काट्यावर 1.250 आलं, आणि 1.25 आणि 1.250 एकच कसं यावर अख्खा तास गेला. तो तास गेला याचं मला आजही समाधान आहे.

एवढ्या सगळ्याचं वहीत लिखाण किती? जेमतेम दीड पान.

त्याच सुमारास आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एका ज्येष्ठ गुरुजींनी माझ्या वर्गाच्या वह्या चाळल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, पोरं बागेत आणि वह्या कोऱ्या. पालकांना दाखवणार काय?" त्यांच्या वर्गाच्या वह्या भरगच्च होत्या. प्रत्येक स्वाध्याय पूर्ण, लाल शाईत सही. फक्त सगळ्या मुलांची उत्तरं शब्दन् शब्द सारखी होती, आणि चुकलेलं शुद्धलेखनही सारखंच. फळ्यावरून उतरवलेलं उत्तर हा हस्ताक्षराचा सराव आहे, त्याला अभ्यास म्हणू नये. हे मी तेव्हा तिथे बोलले आणि आजही माझं मत तेच आहे. गुरुजी निवृत्त झाले, पण त्यांची मोजपट्टी पालकांच्या हातात राहिली. दर पालकसभेत कुणीतरी वही नाचवत विचारतंच.

म्हणून सांगते, वही बाजूला ठेवा आणि मुलीला विचारा. 0.5 मोठे की 0.25? बरीच मुलं 0.25 म्हणतात, कारण 25 हे 5 पेक्षा मोठे. ती 0.5 म्हणाली तर का ते सांगू दे. घरातल्या खोलीची परिमिती मोजायला लावा. पालकाची भाजी आणि भाकरी यातून शरीराला काय मिळतं ते विचारा. घडाघडा नाही, पण स्वतःच्या शब्दांत सांगत असेल तर कोऱ्या पानांची चिंता सोडा. क्लासमध्ये बहुतेक ठिकाणी त्या गुरुजींचंच काम पुढे चालतं, फक्त फी घेऊन.

अर्थात वही कोरी आहे म्हणजे वर्गात काही भारी चाललंय असंही धरून चालू नका. शिक्षक निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामात अडकलेले असतात, कुठे पदच रिकामं असतं. मुलीला काहीच सांगता येत नसेल तर क्लासच्या आधी शाळेत जा, वर्गशिक्षकांना भेटा. दुसरं म्हणजे पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे. विषय राहिला तर पुनर्परीक्षा, आणि तीही निघाली नाही तर मूल पाचवीतच राहतं. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसवणार असाल तर 2 तासांत 80 प्रश्न सोडवायचे असतात. तिथे बागेचा उपयोग नाही, सराव प्रश्नपत्रिकाच लागतात. आणि पाढे. ते वीसपर्यंत तोंडपाठ नसतील तर गुणाकार-भागाकार तिला जड जाईल, ते रोज संध्याकाळी म्हणून घ्या. याबाबतीत माझं आणि त्या गुरुजींचं कधीच भांडण नव्हतं.