क्रोध चौथ्या पायरीवर आहे

सप्रेम आशीर्वाद.

राग आवरत नाही, आणि आवरला तरी आतली धुसफूस जात नाही, असं तू लिहिलं आहेस. ही दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे श्लोक सावकाश वाच. विषयाचं चिंतन, त्यातून संग म्हणजे आसक्ती, संगातून काम म्हणजे इच्छा, कामातून क्रोध. पुढे संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश. क्रोध चौथा येतो. आपण नेमके तिथे त्याला अडवायला जातो आणि हरतो, कारण तोवर त्यात भरपूर जोर भरलेला असतो. पहिली पायरी अगदी निरुपद्रवी दिसते: बढतीच्या यादीत आपलं नाव असणारच, हे येताजाता मनात घोळवणं. मग यादी लागते. तेव्हा लक्ष ठेवायचं ते या घोळवण्यावर.

आता धुसफुशीबद्दल. पतंजलींच्या योगसूत्रांत क्लेशांच्या, म्हणजे मनाला पीडणाऱ्या दोषांच्या, चार अवस्था आहेत: प्रसुप्त (झोपलेला), तनु, विच्छिन्न आणि उदार (पुरता उफाळलेला). साहेबांसमोर गिळलेला राग विच्छिन्न असतो. तो संपलेला नसतो, दुसऱ्या वृत्तीखाली दबलेला असतो. संध्याकाळी घरच्यांवर निघतो. पतंजली क्रियायोगाचं (तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान) एक काम सांगतात ते क्लेश तनु करणं, म्हणजे क्षीण करणं. राग एकदम नाहीसा व्हावा ही अपेक्षा आत्ताच धरू नकोस.

त्यासाठी प्रतिपक्षभावना, म्हणजे वाईट विचाराच्या उलट विचार मनात आणणं. इथे बहुतेकांची गफलत होते. ज्याचा राग आला त्याच्याबद्दल बळेबळे चांगलं चिंतायचं, असा तिचा अर्थ लावतात. ते टिकत नाही. सूत्र परिणामाकडे बघायला सांगतं: याचं फळ दुःख आणि अज्ञान, तेही न संपणारं. हिंसेसारखे वितर्क, म्हणजे वाईटाकडे नेणारे विचार, तिथे बारकाईने मोजले आहेत. स्वतः केलेले, करवलेले, अनुमोदलेले. लोभातून, क्रोधातून, मोहातून. सौम्य, मध्यम, तीव्र. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात याचे २७ प्रकार होतात. रात्री दिवसातला एकच प्रसंग घे आणि तो यात बसवून बघ. सहकाऱ्याची टिंगल दुसऱ्याने केली, तू फक्त हसण्यात सामील होतास किंवा होतीस, तर ते अनुमोदन. क्रोध नसेलही, गटात राहण्याचा लोभ असेल. असं नेमकं सापडलं की स्वतःला सरसकट दोष देणं आपोआप थांबतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

माणसांशी वागताना योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं (भागातलं) ३३वं सूत्र धर: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी असेल त्याच्याविषयी करुणा, पुण्यवंताबद्दल मुदिता म्हणजे आनंद, वाईट वागणाऱ्याबाबत उपेक्षा म्हणजे तटस्थता. जोड्या बदलू नकोस. दुःखी माणसाची उपेक्षा करून मिळालेल्या स्वस्थतेला काही लोक शांती म्हणतात. सूत्रात तिला जागा नाही. मित्राला नोकरी लागल्यावर आत काही टोचलं, तर तिथे मैत्रीच हवी: फोन त्याच दिवशी कर, आणि त्याचं बोलणं पुरतं ऐकून घे.

पंधरा दिवस एवढंच कर. प्रसंग दोन ओळींत लिहून ठेव. पुढच्या पत्रात त्यातले दोन-तीन पाठव, म्हणजे लोभ जास्त निघतो की क्रोध, ते बघून पुढचं ठरवू.