ठेव मोडून छतात मेण बसवावं का?

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं काम तुम्ही काढलंय. ठेकेदार म्हणतो, छताखाली फेज चेंज मटेरिअलचे, म्हणजे वितळताना उष्णता शोषून गोठताना ती सोडणाऱ्या मेणाचे, एकूण शंभर किलोचे पॅनल बसवा, एसीचं बिल निम्म्यावर येईल. त्यासाठी मुदत ठेव मोडावी का, असं तुम्ही विचारलंय. आणि पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात की उन्हाळ्यात रात्रभर एसी चालूच असतो. माझं निम्मं उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे.

आधी ठेकेदाराची बाजू घेतो, कारण हे थोतांड नाही. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. शाळेतला अप्रकट उष्मा तो हाच. तुमच्या पॅनलमधलं पॅराफिन मेण २६ अंशांच्या आसपास वितळेल, किलोमागे साधारण २०० किलोज्यूल पोटात घेईल आणि तोवर स्वतः फारसं तापणार नाही. पाच अंशांच्या चढउतारात एवढी उष्णता सामावायला काँक्रीट चाळीस-पंचेचाळीस किलो लागेल. म्हणूनच पत्र्याच्या किंवा लाकडी हलक्या बांधकामात या पदार्थांचा गुण लगेच दिसतो. जाड भिंती आणि स्लॅब असलेल्या घरात हे काम बांधकामच थोडंफार करत असतं.

आता पैशाचं बोलू. शंभर किलो गुणिले २०० म्हणजे २०,००० किलोज्यूल. एका युनिटमध्ये ३,६०० किलोज्यूल असतात, म्हणजे ही साडेपाच युनिट उष्णता झाली. पण एसी एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे सगळं मेण दिवसभरात पूर्ण वितळलं तरी वीज वाचणार दिवसाला दोन युनिटांहून कमी. असे १२० दिवस धरले, तर वर्षाला सव्वादोनशेच्या आसपास युनिट. हा आकडा उदार आहे. मेणातून उष्णता फार हळू सरकते, त्यामुळे सगळं मेण रोज वितळेलच असं नाही. मी निम्मंच धरीन. मग आलेल्या युनिटांना तुमच्या वीजदराने गुणा आणि शेजारी ठेवीचं वर्षाचं व्याज लिहा. बचत व्याजाहूनही कमी निघाली, तर परतफेडीची वर्षं मोजत बसू नका. ठेवीत मुद्दल तरी शाबूत राहतं, छतातलं मुद्दल छतातच राहणार.

हा हिशेबसुद्धा एका अटीवर उभा आहे. दिवसा वितळलेलं मेण रात्री परत गोठलं पाहिजे. गोठलं नाही, तर दुसऱ्या दिवशी ते नुसतं छतावरचं वजन. रात्रीची हवा २६ अंशांच्या बरीच खाली उतरत असेल आणि खिडक्या उघडता येत असतील, तर हे काम फुकटात होतं. तुमच्याकडे मात्र ते एसीलाच करावं लागेल. दिवसा वाचवलेली वीज रात्री खर्च होईल, म्हणजे बचत नाही, फक्त वेळ बदलली. वेळ बदलून पैसे वाचतात ते रात्रीची वीज स्वस्त असेल तिथे. मोठ्या इमारती रात्री बर्फ करून दिवसा त्यावर हवा गार करतात, ते याच कारणाने, आणि त्यांच्या बिलात कमाल मागणीचा, म्हणजे एका वेळी सर्वाधिक किती वीज ओढली त्याचा, आकारही असतो. घरगुती बिलात दर दिवसरात्र एकच असेल तर ही वाट बंद.

टिकण्याबद्दलही दोन शब्द. १९४८ मध्ये अमेरिकेत डोव्हर इथे शास्त्रज्ञ मारिया टेल्केश यांनी एक घर ग्लॉबर क्षारात (पाण्याचे रेणू धरून ठेवणाऱ्या सोडियम सल्फेटमध्ये) साठवलेल्या सूर्याच्या उष्णतेवर उबदार ठेवलं होतं. कल्पना सुरेख होती, पण पुन्हा पुन्हा वितळून-गोठून क्षार वेगळा होऊ लागला आणि काही हिवाळ्यांतच व्यवस्था बंद पडली. पॅराफिनला हा त्रास नाही, पण ते पेट घेतं. म्हणून किती वेळा वितळवून-गोठवून तपासलंय आणि आगीची चाचणी कुठली झालीय, हे ठेकेदाराकडून लेखी घ्या. तोंडी हमी मी धरत नाही.

तेव्हा ठेव मोडू नका, आणि हप्त्यावर तर मुळीच घेऊ नका. वरचा मजला तापतोय तो छतामुळे. आधी छताला पांढरा परावर्तक रंग, मग उष्णतारोधक थर आणि खिडक्यांबाहेर सावली. एवढ्यावर एक उन्हाळा काढा. दरम्यान त्या खोलीत तापमापक ठेवून, एसी बंद आणि खिडक्या उघड्या असताना, पहाटेचा आकडा पंधरा दिवस लिहून ठेवा. तो बहुतेक दिवशी २२ च्या खाली गेला, तर ठेकेदाराचं दरपत्रक मला पाठवा, नव्याने हिशेब मांडू.