रात्रभर फोन चार्जिंगला लावून ठेवला तर बॅटरीची वाट लागते का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. झोपताना फोन चार्जिंगला लावून सकाळी काढायची सवय चुकीची आहे का, ते २० ते ८० टक्केवालं प्रकरण खरंच पाळायचं का, आणि दीड वर्षातच फोन दुपारपर्यंत मान का टाकायला लागला. तिन्हीचं मूळ एकच आहे म्हणून एकत्रच लिहिते. मी काही इंजिनीयर नाही, पण घरात कोणाचाही फोन बिघडला की तो आधी माझ्या हातात येतो, त्यामुळे या विषयात बरंच डोकं घालून झालंय.

रात्रभर लावल्याने फोन 'ओव्हरचार्ज' होत नाही. ही भीती आता डोक्यातून काढून टाका. आपण ज्याला चार्जर म्हणतो तो ठोकळा नुसता करंट पुरवतो, किती घ्यायचा आणि कधी थांबायचं हे फोनच्या आतली चिप ठरवते आणि सेल भरला की ती घेणं बंद करते. मग थोडी बॅटरी उतरली की परत थोडं घेते, परत थांबते, असं सकाळपर्यंत चालतं.

पण म्हणून काहीच होत नाही असंही नाही. मधेच एक बारीक गोष्ट आहे ती कोणी नीट सांगत नाही, एकतर 'अजिबात लावू नका' म्हणतात नाहीतर 'बिनधास्त लावा' म्हणतात.

फोनमधली लिथियम आयन बॅटरी म्हणजे एका बाजूला ग्राफाइट, दुसऱ्या बाजूला लिथियम आणि कोबाल्टसारख्या धातूंचं ऑक्साइड, आणि मधे द्रावण. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात, फोन वापरताना परत येतात. आता ग्राफाइटवर पहिल्या काही चार्जिंगमध्येच एक पातळ थर धरतो, तो हवाच असतो, त्याच्याशिवाय बॅटरी टिकणारच नाही. प्रॉब्लेम असा की तो थर वाढणं कधीच पूर्ण थांबत नाही, पाइपात आतून क्षार धरत जावा तसा तो वर्षानुवर्षं जाड होत जातो, त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं आणि आयनांचा रस्ताही अवघड होतो. बॅटरी जुनी होते म्हणजे मुख्यतः हे होतं. आणि हे तुम्ही फोन वापरला नाही, नुसता कपाटात ठेवला तरी होतं, फक्त हळू.

याला वेग येतो दोन गोष्टींनी. एक म्हणजे उष्णता. दुसरी म्हणजे सेल पूर्ण भरलेल्या अवस्थेत खूप वेळ राहणं. भरलेल्या सेलचं व्होल्टेज साधारण ४.२, हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये तर ४.४ च्या आसपास असतं आणि व्होल्टेज जितकं वर तितक्या आतल्या नको त्या रासायनिक क्रिया जोरात. म्हणजे रात्री दोनला फोन १०० टक्के झाला आणि सकाळी सातला तुम्ही काढला, तर ते मधले पाच तास फोन फुल्ल व्होल्टेजवर बसून होता. एका रात्रीत काही बिघडत नाही, पण रोजचं धरलं तर त्याचा हिशोब लागतोच. आणि तोच फोन उशीखाली किंवा पांघरुणात असेल, जाड कव्हरसकट, तर मग दोन्ही कारणं एकत्र आली, हे मात्र खरंच टाळा.

यावर उपाय कंपन्यांनीच देऊन ठेवलाय. आयफोनमध्ये २०१९ पासून, आयओएस १३ पासून, 'ऑप्टिमाइज्ड चार्जिंग' आहे, तो तुमची उठायची वेळ ओळखून ८० टक्क्यांवर थांबतो आणि उरलेलं उठायच्या थोडं आधी भरतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही अशाच अर्थाचं काहीतरी असतं, नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं, सेटिंगमध्ये बॅटरीखाली शोधा. ते चालू करा आणि विसरून जा. रात्रीच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच.

आता २० ते ८०. यामागचं शास्त्र खरं आहे, अर्धवट भरणं अर्धवट उतरणं हे लिथियम सेलला पूर्ण भरून पूर्ण उतरवण्यापेक्षा सोपं जातं. पण लोकांनी त्याचा जो धर्म करून टाकलाय तो मला पटत नाही. माझा एक मावसभाऊ आहे, ७९ टक्के झाले की गप्पा अर्ध्यात सोडून पिन काढायला उठतो. अरे पण याचा अर्थ तू १०० टक्के बॅटरीचा फोन घेऊन पहिल्या दिवसापासून स्वतःहून ६० टक्केच वापरतोयस ना! बॅटरी दोन वर्षांनी ८० टक्क्यांवर येईल या भीतीने आजच ६० वर राहायचं, हा हिशोब मला कधीच कळला नाही. ज्यांचा फोन दिवसभर टेबलावर चार्जरजवळ असतो त्यांनी ८० ची लिमिट लावून ठेवावी, त्यांचं काही जात नाही, फायदाच आहे. ज्यांना सकाळी बाहेर पडून रात्री घरी यायचंय त्यांनी खुशाल १०० करावा. शून्यापर्यंत मात्र रोज रोज नेऊ नका, आणि पूर्ण संपलेला फोन महिनोन् महिने ड्रॉवरमध्ये टाकू नका, तो कदाचित परत चालूच होणार नाही. जुना फोन ठेवून द्यायचा असेल तर निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवा.

'पहिल्यांदा आठ तास चार्ज करा' आणि 'महिन्यातून एकदा पूर्ण उतरवा' हे सल्ले अजून फिरतात ते जुन्या निकेल कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातले. त्यांना 'मेमरी इफेक्ट' असायचा, म्हणजे सारख्या अर्धवट उतरवून भरल्या की त्या पुढे तेवढीच क्षमता द्यायच्या. लिथियम आयन सेल सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणला आणि तो शोध लावणाऱ्या तिघांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेलही मिळून झालं, पण सल्ले मात्र अजून त्याच्या आधीचेच चालू आहेत. पूर्ण उतरवून पूर्ण भरण्याचा एकच उपयोग, टक्के दाखवणारा मीटर उलटसुलट झाला असेल तर तो थोडा जागेवर येतो. बॅटरी त्याने सुधारत नाही.

उष्णतेबद्दल जरा जास्त लिहिते कारण माझ्या मते खरा गुन्हेगार तीच आहे आणि टक्क्यांच्या नादात तिच्याकडे कोणी बघत नाही. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी बाहेरचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर हे सहज ओलांडलं जातं, त्यात मॅप चालू, स्क्रीन फुल्ल ब्राइट, आणि वर चार्जिंग. गेम खेळता खेळता चार्जिंग, हॉटस्पॉट देता देता चार्जिंग, हेही तसंच. वायरलेस चार्जिंग सोयीचं आहे पण त्यात बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि फोन पॅडवर जरा तिरका बसला की अजूनच. फास्ट चार्जिंगने बॅटरी मरते असं सरसकट म्हणता येणार नाही, फोन तापायला लागला की तो स्वतःच वेग कमी करतो, तरी रात्री सात तास हातात असताना सुपरफास्ट चार्जर लावायची गरज काय, साधा लावा. आणि हो, ते '२० मिनिटांत ६०, ७० टक्के' छाप जाहिराती असतात ना, त्यात शेवटच्या टप्प्याबद्दल चकार शब्द नसतो, कारण सुरुवातीला करंट जोरात देता येतो पण सेल भरत आला की तो कमी कमी करत न्यावाच लागतो. म्हणून ८० पासून १०० ला जायला एवढा वेळ लागतो, तुमचा चार्जर खराब नाहीये.

कडाक्याच्या थंडीतही एक गोष्ट आहे. शून्याच्या खाली थंडगार झालेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, तेव्हा लिथियम ग्राफाइटमध्ये शिरायच्या ऐवजी धातू होऊन वरच साचू शकतं आणि ते नुकसान भरून येत नाही. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

आता तुमचा दीड वर्षांचा फोन. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर, मग तो आज ५० आणि उद्या ५० असा असला तरी ती एकच सायकल. अ‍ॅपल आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलना ५०० सायकलनंतर मूळच्या ८० टक्के क्षमता राहील असं सांगते आणि १५ पासून १००० सायकल. युरोपियन युनियनने तर जून २०२५ पासून नव्या फोनना किमान ८०० सायकलनंतर ८० टक्के राहिलेच पाहिजेत असा नियम केलाय. तुम्ही रोज पूर्ण बॅटरी संपवत असाल तर ५०० सायकल सोळा-सतरा महिन्यांत होतात. म्हणजे तुमच्या फोनचं झालंय ते कदाचित काही विचित्र नाहीये, तुम्ही तो भरपूर वापरलाय इतकंच.

पण ८० टक्के उरलेली बॅटरी एकदम दुपारीच संपायला नको. म्हणून बॅटरीला दोष द्यायच्या आधी सेटिंगमध्ये कोणतं अ‍ॅप किती खातंय ती यादी बघा. माझ्या बघण्यात बहुतेक वेळा तीनच गोष्टी निघतात. स्क्रीन, हा तर उघड आहे. दुसरं एखादं अ‍ॅप जे बॅकग्राउंडला लोकेशन घेत बसलंय. आणि तिसरं, जे यादीत कधी नीट दिसतच नाही, नेटवर्क. जिथे रेंज कमी असते तिथे फोन टॉवरपर्यंत पोहोचायला जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो आणि सारखा शोधत राहतो. ऑफिस बदललं किंवा बसायची जागा आतल्या बाजूला गेली आणि त्याच आठवड्यात बॅटरी 'खराब' झाली, असं मी पाहिलंय. तिथे वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, रेंज अजिबातच नसेल तर एअरप्लेन मोड. फरक लगेच कळतो.

सारखे सगळे अ‍ॅप वर सरकवून बंद करत बसायची सवय असेल तर सोडा. २०१६ मध्ये एका ग्राहकाने अ‍ॅपलला ईमेल करून याने बॅटरी वाचते का असं विचारलं तेव्हा त्यांचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरिघी यांनी सरळ 'नाही' असं उत्तर दिलं होतं, आणि अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमरही त्याच सुमाराला तेच म्हणाले. बंद केलेलं अ‍ॅप परत पहिल्यापासून उघडायला उलट जास्त काम पडतं. अडकलेलं, गडबड करणारं अ‍ॅप बंद करणं वेगळं. आणि ते 'बॅटरी सेव्हर', 'फोन कूलर' नावाचे अ‍ॅप असतील तर आत्ता काढून टाका, जाहिराती दाखवून तेच बॅटरी खातात.

डार्क मोडबद्दल लोक भांडतात म्हणून सांगते. ओएलईडी स्क्रीनवर काळा पिक्सेल म्हणजे बंद पिक्सेल, त्यामुळे फायदा होतो, एलसीडीवर जवळजवळ काही नाही. पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मोजलं तेव्हा ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला सरासरी ३ ते ९ टक्केच बचत निघाली, फुल्ल ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७. म्हणजे उन्हात फिरणाऱ्याला उपयोग, घरात बसणाऱ्याने डोळ्यांना बरं वाटतं म्हणून लावावा.

जर तुमचा फोन १५-२० टक्क्यांवर असताना अचानक बंद पडत असेल, विशेषतः कॅमेरा उघडल्यावर, तर मात्र बॅटरी बदलायची वेळ झाली. जुन्या सेलचा आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढलेला असतो, एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन बंद. हेच टाळायला अ‍ॅपलने जुने आयफोन गुपचूप हळू केले होते, २०१७ च्या डिसेंबरमध्ये ते उघडं पडलं आणि जाहीर माफी मागावी लागली. त्या प्रकरणातून एक चांगलं झालं, २०१८ पासून आयफोनमध्ये बॅटरी हेल्थ, म्हणजे मूळच्या किती टक्के क्षमता उरलीय ते, दिसायला लागली. काही नव्या अँड्रॉइडमध्येही आता दिसते.

आणि फोनची मागची बाजू उचललेली वाटत असेल, स्क्रीनच्या कडेला फट दिसत असेल तर वरचं सगळं विसरा. आत गॅस होऊन सेल फुगलाय. चार्जिंग बंद, फोन बंद, दाबून बसवायचा प्रयत्न करायचा नाही, टोचायचं तर बिलकूल नाही, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही.

तुमच्या जागी मी असते तर आधी बॅटरी हेल्थ बघितली असती. ८० च्या वर असेल तर अ‍ॅप आणि रेंजचं बघा. खाली असेल तर नवीन फोन न घेता नुसती बॅटरी बदलून घ्या, बाकी फोन ठीक असेल तर पुढची दोन वर्षं आरामात जातील. देताना बॅकअप घ्या, कोणता सेल टाकणार ते विचारा, आणि एकदा उघडलेल्या फोनचं वॉटरप्रूफिंग पहिल्यासारखं धरू नका, आतलं चिकट सील नवीन लावलं का तेही विचारून घ्या.